कमांडर साठला थरथरते? आधी पिनियनचा कोन बघा

आमची कमांडर म्हणजे कराड भागात वडाप (शेअर सवारी) मारून रिटायर झालेली टू-व्हील ड्राइव्ह महिंद्रा जीप, घेतली काकांनी आणि फिरवतो मी. ताशी 55 पर्यंत शहाण्यासारखी चालायची, काटा साठला गेला की बुडाखालून घूंऽऽ आणि गिअरचा दांडा थडथड. टायर बॅलन्सिंग झालं, शाफ्टचे (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या ॲक्सलला नेणारी नळी) दोन्ही क्रॉस (तिच्या टोकांचे वाकणारे सांधे) बदलले, शाफ्ट बॅलन्स करून आणला, एका गॅरेजवाल्याने तर इंजिनाची फाउंडेशन रबरं पण बदलायला लावली, फरक शून्य.

शेवटी जी टेस्ट पहिल्याच दिवशी करायला हवी होती ती केली. मोकळ्या रस्त्यावर 65 ला नेऊन न्यूट्रल केली, इंजिन आयडलला आलं तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा काही संबंध नाही, चाकांबरोबर जे फिरतंय त्यात लफडं आहे.

खाली झोपून बघितलं तर मागचे शॅकल (पाट्याचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, मागचं टोक चासीला जोडणारे दुवे) लांबलचक, आधीच्या मालकाने पॅसेंजर भरल्यावर गाडी बसू नये म्हणून करून घेतलेले. शॅकल लांब झाला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि डिफरेन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) नाक, म्हणजे जिथे शाफ्ट जोडतो ते पिनियन, वर बघायला लागतं.

आता क्रॉसची खोड अशी की तो वाकड्यात फिरला की एका चकरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. गिअरबॉक्सकडचा क्रॉस जेवढी ओढाताण करतो तेवढीच डिफरेन्शियलकडचा उलटी करून फेडतो, पण दोघांचे कोन सारखे असतील तरच (आणि शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे, एका रेषेत, ते आमचे होते). साठला, टायरचा घेर सव्वादोन मीटर आणि डिफरेन्शियलचा रेशो 4 (चाकाच्या एका चकरीला शाफ्टच्या चार) धरला तरी शाफ्ट मिनिटाला सतरा-अठराशे चकरा मारतो, झटके त्याच्या दुप्पट. दांडा नाचेल नाहीतर काय!

कोन मोजताना चासीला जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवायचा नाही, वजन चाकांवरच पाहिजे, नाहीतर आकडा खोटा येतो. शाफ्ट उतरवला, योकचे दोन कान वरखाली येतील असा फिरवला, कानांवर सपाट पट्टी धरून तिच्यावर सुतारकामाचं डिजिटल अँगल मीटर चिकटवलं. मोबाईलने पण होतं पण कॅमेऱ्याचा उंचवटा घात करतो. गिअरबॉक्सचं टोक साडेतीन डिग्री खाली, पिनियन साडेसहा वर. तीन डिग्रीचा फरक!

पाहिजे होतं पिनियन अडीचवर, गिअरबॉक्सएवढं बरोबर साडेतीनवर नाही, कारण पाट्याच्या गाडीत ॲक्सिलेटर दाबला की पाटा पिळतो आणि नाक आपोआप थोडं वर येतं, म्हणून एक डिग्री आधीच खाली ठेवायची. मग ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये घालायला चार डिग्रीच्या लोखंडी पाचरी लेथवर करून घेतल्या. ॲल्युमिनियमच्या पण मिळतात, पण आमच्या रस्त्यांवर त्या चेपतात नाहीतर तडकतात, मी तर घेणार नाही.

आणि पहिल्यांदा पाचरी उलट्या बसवल्या, जाड बाजू पुढे. ॲक्सल पाट्याच्या वर बसतो तिथे जाड बाजू पुढे म्हणजे नाक अजून वर, साडेदहा! चाळीसलाच सगळी गाडी हलायला लागली, काका म्हणाले, "अरे थांब, खाली उतरतो मी." परत सगळं खोललं, जाड बाजू मागे टाकली. पाटा ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत बरोबर याच्या उलट, त्यामुळे यूट्यूबवर बघून तसंच्या तसं करू नका, आधी खाली वाकून बघा.

पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा लांब घ्यावा लागला, नाहीतर त्याचं डोकं ॲक्सलच्या पॅडच्या भोकात नीट बसत नाही. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट पण नवे टाकले. मूळ मापाचे शॅकल टाकले असते तर पाचरींची गरजच नव्हती हे खरं, पण शेताच्या वाटेला ती मागची उंची लागते.

आता 75 ला दांडा स्थिर आहे. दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळले, डावीकडचे दोन नट अर्धा आटा फिरले.