तुम्ही विचारलंत म्हणून: पार्टनरशिप सोडून फर्म का काढली?

नरिमन पॉइंटवरच्या फर्ममधली पार्टनरशिप सोडून पुण्यात दोन खोल्यांचं ऑफिस कशाला थाटलं, असं ज्युनिअर विचारतात, नातेवाईक विचारतात, समोरच्या बाजूचे वकीलही विचारतात. उत्तर एकच आहे: भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार.

मुंबईतही मी कमर्शियल लिटिगेशनच, म्हणजे व्यापारी वादांचे कोर्टातले दावेच, करत होते. सीनियर कौन्सेलना ब्रीफ करताना जे शिकले, ते कुठल्या कॉलेजात मिळालं नसतं. पण तिथे बिल तासावर लागतं. व्यापारी वादांसाठी वेगळी कोर्टं आणणारा 2015 चा कमर्शियल कोर्ट्स कायदा आला तेव्हा 1 कोटीच्या खालचे वाद त्यात बसत नव्हते. 2018 मध्ये ही मर्यादा 3 लाखांवर आली आणि छोटे पुरवठादारही त्यात आले. तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. समन्स लागल्यापासून 120 दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) आली नाही तर प्रतिवादीचा तो हक्कच जातो. अडकलेले पैसे सोडवायला निघालेल्या माणसाला ही शिस्त हवीच असते. पण 18 लाखांच्या थकबाकीपायी तासाचा दर त्याला झेपत नाही. अशी मॅटर्स मी परत पाठवत होते आणि ते मला सहन होईना.

हा माणूस पिशवीत पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), बिलं आणि डिलिव्हरी चलनांचा गठ्ठा घेऊन येतो. आम्ही आधी चलनं टेबलावर पसरतो. गेटचा शिक्का उमटलाय का, त्यातली तारीख वाचता येते का, सही स्टोअरवाल्याची की वॉचमनची, रिजेक्शन नोट (माल नाकारल्याची चिठ्ठी) कधी निघाली का? वर्षभराने समोरचा ‘माल खराब होता’ म्हणतो, तेव्हा तो जांभळा, पुसट शिक्काच कामी येतो.

मग दावा लावायची मुदत. ती 3 वर्षांची, आणि ‘साहेब देतो म्हणालेत’ या भरवशावर सरून जाते. मुदतीच्या आत देणं कबूल केल्याचं सहीचं पत्र असेल तर ती नव्याने मोजता येते. फोनवरच्या शब्दाने नाही. माल देण्याआधीच उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) झालेली असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याचा, म्हणजे त्याखालच्या कौन्सिलकडे दाद मागायचा, रस्ताही असतो: थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराने आधी 75 टक्के रक्कम भरायची. कौन्सिलकडे जायचं की कोर्टात, हे पहिल्याच बैठकीत ठरवावं लागतं. रक्कम लहान म्हणून ते नवख्या ज्युनिअरवर सोडणं मला मान्य नाही. फर्म काढली ती यासाठी.

बाकी म्हणाल तर पार्टनरशिप डीड, भाड्याची जागा आणि फायलिंगची ऑब्जेक्शन्स (दाखल कागदांत कोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या त्रुटी) झटपट दूर करणारा क्लार्क. (चांगला क्लार्क मिळणं पार्टनर मिळण्याहून अवघड आहे.) वकिलांना जाहिरातीची मनाई, त्यामुळे सुरुवातीची कामं ओळखीच्या सीएंनी पाठवली. फी टप्प्यांवर ठरवतो: नोटीस आणि मध्यस्थी, दावा, पुरावा, दरखास्त (निकालाची अंमलबजावणी). वसुलीत टक्का घेत नाही. नियमाने घेताही येत नाही, आणि तो नियम मला पटतो.

उत्पन्न कमी झालं, हे खरं. पण काम वाढतंय. वाळूजच्या कारखानदारांचे फोन येऊ लागलेत, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका वकील मैत्रिणीशी तिथल्या ऑफिसबद्दल बोलणं चालू आहे.