तुम्ही विचारलंत म्हणून: हा रंग सावळ्या हाताला शोभेल का?

मी घरी नेलपेंट लावून बघते, फोटो काढते आणि कुठलं कसं निघालं ते लिहिते, हे ज्यांना माहीत आहे त्यांचा ठरलेला प्रश्न एकच: "हा रंग मला शोभेल का?" सोबत बाटलीचा फोटो. आणि शेवटी जरा चाचरत जोडलेलं शेपूट, "माझा हात सावळा आहे हं." नणंद विचारते, ऑफिसातल्या मुली विचारतात. मावशी तर फोन करून विचारते आणि वर "तुझ्या काकांपाशी बोलू नकोस" असंही बजावते. दरवेळी मी घाईघाईत काहीतरी अर्धंमुर्धं सांगते. आज सगळं सांगून टाकते.

सावळ्या हाताला वर्ज्य असा रंग मला अजून सापडलेला नाही. बिघडवतो तो रंगात कालवलेला पांढरा. बेबी पिंक, पिस्ता, आकाशी, लव्हेंडर हे सगळे फिके रंग बनतात कसे? चिमूटभर रंगद्रव्य आणि भरपूर टायटॅनियम डायऑक्साइड. घराच्या भिंतींना देतो त्या रंगातही हेच पांढरं असतं. गोऱ्या हातावर ते खपून जातं, कारण कातडी आणि रंग यांच्यात फारसं अंतर नसतं. आपल्या हातावर मात्र नख वेगळं आणि बोट वेगळं दिसायला लागतं, पानवाल्याच्या बोटाला चुना लागलेला असतो तसं. शिवाय सावळ्या हाताचं बोट सगळीकडे सारखं नसतं. पेरांवरची कातडी जास्त गडद, नखाच्या कडेची त्याहून गडद. पांढूरका थंड गुलाबी लावला की नेमकी तीच काळसर पेरं उठून दिसतात आणि बाई हाताला दोष देत बसते. दोष बाटलीचा असतो.

म्हणून मी रंगाचं नाव सोडून त्यातला पांढरा बघते. पिस्ता नको वाटला तर शेवाळी घ्या. बेबी पिंकऐवजी राणी किंवा गुलबक्षी. लव्हेंडरऐवजी वांगी. आकाशीऐवजी मोरपंखी. घराणं तेच, फक्त दूध कमी. साडीच्या दुकानात आपण हे न शिकताच करतो. आमसुली, अंजिरी, डाळिंबी हे रंग अंगावर टाकून बघताना कुणी "सावळीला चालेल का" असं विचारत नाही. नेलपेंटच्या काउंटरवरच आपला हा आत्मविश्वास कुठे जातो कोण जाणे.

आता बाटलीच्या फोटोबद्दल. बाटलीवरून मी काहीही सांगू शकत नाही, आणि हे मी आळसाने म्हणत नाही. बाटलीत रंगाचा थर बोटभर जाड असतो. नखावर दोन हात मारले तरी तो कागदाइतकाच पातळ, आणि त्याच्या खाली तुमचं स्वतःचं नख असतं. जेली किंवा शीअर प्रकारचा रंग असेल तर खालचं सगळं वर डोकावतं, नखाची पांढरी कडसुद्धा. क्रीम प्रकार अपारदर्शक असतो, तो बाटलीशी बराच इमान राखतो. हा अपारदर्शक प्रकार तसा फार जुना नाही. १९३२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेव्लॉन सुरू झाली ती नुसत्या नेलपेंटवर. चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन नावाचा रसायनतज्ज्ञ, अशी ही तिघांची कंपनी. रंगासाठी त्यांनी डायऐवजी पिगमेंट वापरलं, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाऐवजी बारीक पूड, आणि नख खरोखर झाकलं जाऊ लागलं. त्यामुळे "सावळ्या हाताला" खात्रीचं काही हवं असेल तर क्रीम घ्या. जेली छान दिसते, पण ती प्रत्येकीच्या हातावर वेगळी दिसते.

दुकानात टेस्टर असेल तर एक युक्ती. नखावर सेलोटेपचा तुकडा चिकटवा, त्यावर रंग लावा, दोन मिनिटं हात उजेडाकडे नेऊन बघा आणि टेप काढून टाका. रिमूव्हर नको, काउंटरवरच्या मुलीचा त्रासिक चेहरा नको.

घरी मी कसं तपासते तेही विचारता, म्हणून सांगते. डाव्या हाताच्या चार बोटांवर चार नवे रंग. अंगठ्यावर कायम एकच, माझ्या ओळखीचा साधा कुंकवासारखा लाल. तो बदलत नाही. कारण असं की फोनचा कॅमेरा खोटं बोलतो. जांभळा त्याला निळा दिसतो, निऑन तर त्याला झेपतच नाही, आणि ब्यूटी मोड चालू राहिला तर माझा हात मलाच ओळखू येत नाही. फोटोत अंगठ्याचा लाल जर केशरीकडे झुकलेला दिसला तर बाकीचे चारही तिकडेच झुकलेत हे कळतं, मग तो फोटो बाद. लोकलमध्ये पाच रंगांचा हात दांडीला धरला की समोरच्या बायका आधी हाताकडे आणि मग चेहऱ्याकडे बघतात. एखादी धीर करून विचारतेही, "तो तिसरा कुठला हो?"

उजेडाचा मामला कॅमेऱ्याहून अवघड. खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला रंग खरा दिसतो. तोच स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली फिका पडतो. आणि लग्नाच्या हॉलच्या पिवळ्या दिव्यांत केशरी, विटकरी, सोनेरी छटेचे रंग फुलतात, तर निळसर झाक असलेला जांभळा-गुलाबी मरतो. एखादा रंग कार्यासाठी घेत असाल तर संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली हात धरून बघा. दिवसा नवऱ्याला दाखवून उपयोग नाही; त्याला तसेही सगळे लालच वाटतात.

एक गुपितही फोडते. स्वॉचच्या, म्हणजे रंग नखावर लावून दाखवायच्या, फोटोंतले हात इतके तुकतुकीत का असतात? रंग वाळल्यावर नखाच्या कडांना तेल चोळलेलं असतं. माझ्याकडे खोबरेल. आणि कडेला गेलेला रंग बारीक ब्रश अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पुसलेला असतो. म्हणजे फोटोतली सफाई रंगाची नसून हाताच्या मेहनतीची आहे. तुमच्याकडे तसं दिसलं नाही तर रंगाला नावं ठेवू नका.

न्यूड, म्हणजे कातडीशी मिळत्याजुळत्या रंगाचं नेलपेंट, या प्रकाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. न्यूड म्हणून विकली जाणारी बरीचशी बदामी-गुलाबी पेस्टल कुणाच्या कातडीवरून ठरवली, हे बाटली बघूनच कळतं. आपल्या हातावर ती राखाडी पडते, आजारी माणसाच्या नखासारखी. सावळ्या हाताचा न्यूड म्हणजे कोको, दालचिनी, गुळाच्या ढेपेतला गडद तपकिरी, त्यात किंचित लाली. बोटाच्या रंगापेक्षा एक पायरी गडद घ्या किंवा सरळ दोन पायऱ्या फिका. अगदी बरोबरीचा घेतलात तर नखंच नाहीशी होतात. शिमर हवा असेल तर तांब्याची, सोन्याची चमक. रुपेरी फ्रॉस्टमध्ये ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो. ही चमक बहुधा अभ्रकाची असते. झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रक वेचायला लहान मुलं जातात हे वर्षानुवर्षं छापून आलेलं आहे. लेबलवर 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं जिभेला पीळ पाडणारं नाव दिसलं तर ते कारखान्यात बनवलेलं अभ्रक. मी आताशा तेच शोधते.

आणि हळद! परदेशी मुलींची परीक्षणं वाचून नेलपेंट घेतलं की ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. वरण-भात हाताने कालवून खाल्ला की पांढरी, फिकी, मॅट नखं पिवळी. गडद रंगांवर डाग दिसत नाही, चकचकीत टॉप कोटवर थोडा कमी धरतो, मॅटवर मात्र पक्का बसतो. मग आपण वडीच्या साबणाने हात धुतो आणि पिवळं नख बघता बघता तांबूस होतं. घाबरू नका. हळदीचं कुंकू होतं तीच ही करामत, अल्कली लागली की हळद लाल होते. पाण्याने धुतलं की परत पिवळी. लिंबाने ती जात नाही. जाते ती उन्हाने. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, म्हणून गॅलरीत कपडे वाळत घालताना हातही थोडा वेळ उन्हात राहू द्या, डाग बराच उतरतो. म्हणूनच माझ्या परीक्षणात "आमटीला टिकलं की नाही" हे असतंच. सणासुदीला मेंदी काढणार असाल तर आधी नखांवर पारदर्शक कोट लावून घ्या, नाहीतर मेंदी हातावरून गेली तरी नखांवर महिनोन्‌महिने केशरी राहते.

किती दिवस टिकेल, हाही नेहमीचा उपप्रश्न. भांडी कोण घासतं त्यावर आहे. नख पाणी पितं आणि फुगतं, वरचा थर तितका ताणला जात नाही, मग टोकाकडून टवका उडतो. म्हणून ब्रश नखाच्या टोकावरून, कडेच्या जाडीवरूनही फिरवायचा. थर पातळ, मध्ये दहा मिनिटं, बाटली खळखळा न हलवता तळहातांमध्ये घोळवायची. आणि फॅनखाली हात धरू नका. वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं द्रावण अडकतं आणि बुडबुडे येतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर एरवी वाळलेलं वाटलेलं नखही सकाळी चादरीची वीण छापून उठतं. बाटली घट्ट झाली तर रिमूव्हर ओतू नका, रंगाचा पोत बिघडतो. नेलपेंटचं थिनर मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरे. आणि हे सगळं गॅसपासून लांब. आत इथाइल आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेट असतं, वर नायट्रोसेल्युलोज. पेट घ्यायला ठिणगी पुरते.

जेल पॉलिश, म्हणजे दिव्याखाली हात धरून वाळवायचं ते, मी घरी करत नाही. ते नीट न वाळता कातडीला लागलं की त्यातल्या हेमा नावाच्या घटकाची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा लागली की सहसा जन्माची. जेल वाळवायला वापरतात त्या टीपीओ नावाच्या रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. पार्लरमध्ये करत असाल तर डबा मागून लेबल वाचा, लाजू नका.

कुठून घेऊ? तुळशीबागेतून घ्या नाहीतर मोठ्या दुकानातून, बाटलीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली आहे का बघा. हे नसेल तर रंग कितीही गोड असला तरी ठेवून द्या. पाकिटावर 'थ्री-फ्री' दिसलं तर त्याचा अर्थ टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डीबीपी ही तीन रसायनं नाहीत, एवढाच. पुढे फाइव्ह, टेन, सोळा असे आकडे वाढत जातात, त्यांतले बरेच पदार्थ नेलपेंटमध्ये एरवीही कुणी घालत नाही.

आणि हो, गडद निळा-काळा लावून दवाखान्यात जाऊ नका. कोरोनाच्या दिवसांत बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आठवतंय ना? अशा रंगांवर त्याचा आकडा चुकीचा येऊ शकतो. ऑपरेशन असेल तर नखं आधीच साफ करून जा.

मावशी, तुझ्यासाठी वेगळं उत्तर. एकच बाटली घ्यायची म्हणतेस तर डाळिंबी घे, क्रीम, चमक नको. तुझ्या हाताला दिवसाही चालेल, कार्यातही चालेल, आणि आमटीचं भय नाही. फक्त खाली बेस कोट लाव. गडद लाल रंगांचं पिगमेंट नखात उतरतं आणि रंग काढल्यावर नख पिवळट दिसतं. ते घासून जात नाही, नखाबरोबर पुढे सरकतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. काकांना काय सांगायचं ते तू बघ.