थंडीची सुट्टी, गुरांसोबत

आज रँचवरचा चौथा दिवस. पहाटे अंधारातच मालकांसोबत बाहेर पडलो, पहिलं काम म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडणं, कारण गाईला थंडीतही दिवसाला 30-40 लिटर पाणी लागतं आणि पाणी कमी पडलं की ती चाराही कमी खाते, हे मला खरंच माहीत नव्हतं. कुऱ्हाडीचे चार घाव घातले तोवर सगळ्या येऊन मागे उभ्या, नाकातून नुसती वाफ.

एकीच्या पाठीवर रात्रीचा बर्फ तसाच होता, जरासुद्धा वितळलेला नाही. मला इतकं वाईट वाटलं, तर मालक म्हणाले हात घालून बघ. केसांत बोटं खुपसली तर आत काय ऊब! कोरडे दाट केस अंगातली उष्णता बाहेर जाऊच देत नाहीत म्हणून वरचा बर्फ टिकतो, केस भिजले तर मात्र हाल होतात. आणि शेगडी त्यांच्या पोटातच, गवत आत आंबताना उष्णता तयार होते, म्हणून थंडी वाढली की आधी चारा वाढवायचा.

संध्याकाळी परत गवत टाकून आलो. हाताला अजून त्याचा वास येतोय, धुवावासाच वाटत नाहीये.