एल्फिन्स्टन, पण स्टेशन नव्हे

छत्री उलटी झाली ती नेमकी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेज चॅपलसमोर. ती सरळ करतोय तोवर समोर हिरवळीवर भलीमोठी समाधी दिसली: संगमरवरी पेटी, वर ब्राँझचा बिशप उताणा झोपलेला, नाकावरून पावसाचं पाणी ओघळतंय. विल्यम एल्फिन्स्टन. बारा वर्षं एल्फिन्स्टन रोडला उतरून ऑफिस गाठलेल्या माणसाने इथे भिजत उभं राहायला हरकत नाही.

या बिशपने 1495 मध्ये पोपकडून आज्ञापत्र मिळवून हे विद्यापीठ काढलं. पुढे राजा चौथ्या जेम्सने 1507 मध्ये स्कॉटलंडमध्ये छपाईचा परवाना दिला त्यामागेही हाच. त्याला आपलं प्रार्थनापुस्तक छापून हवं होतं.

चॅपलमधले आजोबा म्हणाले, "बाहेर शोधू नका, तो इथे आहे." वेदीपुढे काळ्या दगडाची साधी लादी. बाहेरची समाधी गेल्या शतकात याच जागेसाठी घडवली होती, पण आत मावेना, म्हणून बाहेरच राहिली. म्हणजे पाऊस झेलतोय तो नुसता ब्राँझचा.

"तुमचा एल्फिन्स्टनशी काय संबंध?"

"आमच्याकडे या नावाचं स्टेशन होतं. 2018 मध्ये प्रभादेवी झालं."

"कुठल्या एल्फिन्स्टनचं?"

इथे मी अर्धी मुंबई करते ती चूक करणार होतो. कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट, 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी तो पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता; 5 नोव्हेंबर 1817 ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरचा त्याचा बंगला पुस्तकांसकट जळाला. स्टेशन मात्र त्याच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉनचं. तो 1853 ते 1860 गव्हर्नर. हॉर्निमन सर्कलही आधी त्याच्याच नावाचं.

घराण्यात एक तिसराही आहे, त्याचा विषय आजोबांनी हळूच काढला. 1809 मध्ये माउंटस्टुअर्ट इंग्रजांचा दूत म्हणून पेशावरला जाऊन अफगाण शहाला भेटला. 1842 च्या जानेवारीत त्याचाच चुलत भाऊ, जनरल विल्यम, सुमारे 4,500 सैनिक आणि 12,000 नोकरचाकर घेऊन काबूलहून बर्फात माघार घेत निघाला. जवळजवळ सगळे मेले किंवा पकडले गेले. जनरल स्वतः कैदेत वारला. त्याच्या नावाचं स्टेशन कुठेच नसावं.

निघताना आजोबा म्हणाले, "एल्-फिन्-स्टन. तुम्ही मधला न खाता."

आम्ही सगळेच खातो, म्हटलं. गर्दीत तेवढा वेळ नसतो.