प्रोस्टेटचा शेक आणि दोन स्कॅनची जुळणी

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आलेल्या पेशंटचे नातेवाईक मला हमखास विचारतात, "मॅडम, बाबांचं पेट-सीटी झालंय. मग इथे परत सीटी कशाला?" खर्च आणि हेलपाटे सोसून आलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरण कुठे आणि किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, ते मशीनवर कसं उतरवायचं हे माझं काम. घाईच्या ओपीडीत दोन वाक्यांत उरकावं लागणारं उत्तर आज सविस्तर लिहिते.

पेट स्कॅन शरीरात काय चाललंय ते दाखवतं, सीटी ते नेमकं कुठे चाललंय ते दाखवतं. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच मशीनमध्ये घेण्याची कल्पना डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट यांनी प्रत्यक्षात आणली. त्यांचं पहिलं मशीन १९९८ साली पिट्सबर्गला बसलं. पण प्रोस्टेटमध्ये एक अडचण होती. इतर बऱ्याच कॅन्सरसाठी वापरतात ते साखरेचं पेट इथे फारसं उपयोगी पडत नाही, कारण प्रोस्टेटच्या बहुतेक गाठी साखर फार खात नाहीत. या गाठींच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन मात्र भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा रेणू जर्मनीत हायडेलबर्गला तयार झाला आणि २०११ पासून पेशंटमध्ये वापरात आला. त्याला जोडलेलं गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. म्हणून स्कॅन सेंटरवाले वेळेबाबत एवढे कडक असतात. उशीर झाला तर औषध तुमची वाट बघत थांबत नाही.

ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर झालेल्या प्रोपीएसएमए अभ्यासात (लॅन्सेट, २०२०) पसरलेला आजार ओळखण्यात या पीएसएमए पेट स्कॅनची अचूकता ९२ टक्के निघाली. नेहमीचं सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. आमच्या टेबलवर या फरकाचा अर्थ काय होतो, ते कराडकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या केसमध्ये दिसलं. साधं सीटी स्वच्छ, बोन स्कॅन स्वच्छ. पीएसएमए पेटवर मात्र उजवीकडे, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला लागून, एक ठिपका लख्ख दिसत होता. ती लसीका ग्रंथी जेमतेम ६ मिलिमीटरची होती; नुसत्या आकारावरून तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. मग प्लॅनच बदलला. प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या ग्रंथींचा सगळा भाग घेतला आणि त्या एका ग्रंथीला, शेजारचं आतडं सांभाळून, जास्त डोस दिला.

आता परत सीटी का, ते सांगते. पेट-सीटीच्या वेळी पेशंटला आधी लघवी करून यायला सांगतात, कारण औषध लघवीतून बाहेर पडतं आणि भरलेली पिशवी इतकी चमकते की शेजारची प्रोस्टेट झाकोळते. शेक देताना आम्हाला उलटं हवं असतं. पाणी पिऊन पिशवी भरलेली, शौचाला साफ झालेली, टेबल सपाट, गुडघ्याखाली आधार. तिकडचं टेबल सहसा किंचित खोलगट असतं. एवढ्यानेच प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकते. दोन स्कॅन एकावर एक बसवताना कॉम्प्युटर आधी हाडं जुळवतो आणि स्क्रीनवर सगळं छान जुळलेलं दिसतं. पण प्रोस्टेट हाडांना खिळलेली नाही! ती पिशवी आणि गुदाशय यांच्यामध्ये आहे आणि त्यांच्याबरोबर हलते. म्हणून आम्ही हाडं सोडून प्रोस्टेटवर जुळवतो. तिच्यात सोन्याचे बारीक दाणे बसवले असतील तर त्यांच्यावर, नाहीतर एमआरआयवर.

एमआरआयचा मी आग्रह धरते. सीटीवर प्रोस्टेट आहे त्यापेक्षा मोठी वाटते, तिचं खालचं टोक तर नीट कळतच नाही. शिवाय पेटवरच्या ठिपक्याची कड खरी नसते; स्क्रीनवर रंगाची पातळी बदलली की तोच ठिपका फुगतो किंवा आकसतो. गाठ कुठे आहे ते पेटला विचारावं, तिची कड एमआरआयला. आणि न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना शेजारी बसवावं. मूत्रनलिकेत अडकलेला लघवीचा थेंब हुबेहूब ग्रंथीसारखा चमकतो, पाठीच्या कण्यापुढच्या मज्जातंतूंच्या गाठीही चमकतात. अशा ठिकाणी किरण द्यायला लागलो तर कठीणच.

या सगळ्या कष्टांचं फळ पेशंटला मिळतं, म्हणून हे लिहितेय. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या फ्लेम अभ्यासात ५७१ जण होते. सगळ्यांच्या प्रोस्टेटला ३५ बैठकांत ७७ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). निम्म्या जणांना एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीपुरता डोस ९५ ग्रेपर्यंत वाढवला. पाच वर्षांनी पीएसए (आजार परततोय का ते सांगणारी रक्तातली पातळी) न वाढता राहिलेले ९२ टक्के, साध्या गटात ८५. त्रासात लक्षणीय वाढ नाही, कारण नियम पक्का होता: गुदाशय आणि पिशवीची मर्यादा आधी, वाढीव डोस नंतर. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

आपल्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती यांच्या गटाने २२४ जणांवर पीओपी-आरटी अभ्यास केला. धोका जास्त, पण ग्रंथींमध्ये आजार दिसत नाही, असे हे पेशंट. बहुतेकांचं पीएसएमए पेट झालेलं. फक्त प्रोस्टेटला शेक दिला तेव्हा पाच वर्षांनी ८१ टक्के जणांचा पीएसए काबूत होता. ओटीपोटही घेतलं तेव्हा ९५ टक्के. म्हणजे स्कॅनवर दिसत नाही म्हणून तिथे काही नाही, असं समजून चालत नाही.

तर येताना फिल्म आणि रिपोर्टवर थांबू नका. स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह आणा. फिल्मवरून डोळ्यांना दिसतं, पण आमच्या प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला मूळ डेटाच लागतो.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय. बायॉप्सीचा रिपोर्ट आला की घरात घबराट होते, आणि कित्येकदा त्याच आठवड्यात हॉर्मोनचं, म्हणजे पुरुषी हॉर्मोन दाबणारं, इंजेक्शन होऊन जातं. इंजेक्शनने प्रोस्टेट आकसते, उपचार चालू राहिले की पेटवरचे ठिपकेही फिके होत जातात, आणि नेमकं कुठे किरण द्यायचे हे सांगणारं चित्र पुसट होतं. मणक्यावर दाब आला असेल किंवा असंच काही तातडीचं असेल, तर डॉक्टर लगेच इंजेक्शन देतील आणि ते बरोबरच आहे. तसं नसेल तर इंजेक्शनच्या आधी त्यांना विचारा, "डॉक्टर, पुढे शेक द्यायचा असेल तर स्कॅन आत्ताच करून घेऊ का?"