ट्रिब्युनलमधलं आयकर अपील: माझा अनुभव

पहिलं अपील आयुक्त (अपील) यांनी फेटाळल्यावर मी आयकर अपिलीय न्यायाधिकरणात, म्हणजे ट्रिब्युनलमध्ये गेलो. तोवरच्या दोन्ही पायऱ्या, म्हणजे कर ठरवणारा अधिकारी आणि आयुक्त (अपील), आयकर खात्यातल्याच. १९४१ पासून चालू असलेलं ट्रिब्युनल मात्र विधी व न्याय मंत्रालयाकडे येतं. खात्याबाहेरचं हे पहिलं दार. सुनावणी एक न्यायिक आणि एक लेखा सदस्य घेतात. निर्धारित उत्पन्न, म्हणजे अधिकाऱ्याने ठरवलेलं उत्पन्न, ५० लाखांपर्यंत असेल तर एकटा सदस्यही घेऊ शकतो.

माझं प्रकरण १९६१ च्या आयकर कायद्याखालचं. मुदत आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने. ऑक्टोबर २०२४ पूर्वी ६० दिवस होती, जुन्या लेखांत अजून तीच दिसते. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडावा. त्यात तारखा हव्यात, नुसतं ‘तब्येत बरी नव्हती’ पुरत नाही.

अर्ज फॉर्म ३६ मध्ये. फी निर्धारित उत्पन्नावर: एक लाखापर्यंत ५०० रुपये, दोन लाखांपर्यंत १,५००, त्यापुढे १ टक्का, पण कमाल १०,०००. लोक स्वतःच्या विवरणपत्रातला आकडा धरतात. धरायचा असतो तो अधिकाऱ्याने वाढवून ठरवलेला. फी कमी पडली की त्रुटीची नोटीस आलीच.

अपिलाचे मुद्दे क्रमांक घालून, थोडक्यात. युक्तिवाद तिथे घुसडू नये, तो सुनावणीसाठी.

खरी मेहनत पेपर बुकवर, म्हणजे ट्रिब्युनलला द्यायच्या कागदांच्या संचावर घ्यावी. बँकेचे उतारे, पुष्टीपत्रं, आधीच्या अधिकाऱ्यांना दिलेली उत्तरं, पानांना क्रमांक, अनुक्रमणिका आणि कोणता कागद आधीच्या अधिकाऱ्यांपुढे होता याचा दाखला. नवा पुरावा हक्काने देता येत नाही, ट्रिब्युनलच्या नियम २९ खाली परवानगी मागावी लागते. एवढी काटेकोरी कशाला? कारण वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द ट्रिब्युनलचा. पुढे उच्च न्यायालयात १२० दिवसांत जाता येतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. बँक खात्यात भरलेली रोकड शेतीची होती की नाही, हा वाद तिथे सहसा पुन्हा उघडत नाही.

अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, फी ५०० रुपये. करमागणीच्या किमान २० टक्के रक्कम भरावी किंवा तेवढं तारण द्यावं लागतं.

निकालात एखादा मुद्दा हाताळायचाच राहून गेला, तर दुरुस्तीचा अर्ज सहा महिन्यांत करता येतो. निकाल पटला नाही, ही मात्र त्यात चूक धरत नाहीत.