एकेक इलेक्ट्रॉन पाठवताना

बारावीला अँपिअरची व्याख्या पाठ केली होती : निर्वातात एक मीटर अंतरावर दोन अनंत लांबीच्या समांतर तारा, त्यांच्यात दर मीटरला २ × १०⁻⁷ न्यूटन बल निर्माण करणारा करंट म्हणजे एक अँपिअर. अनंत लांबीची तार आणायची कुठून, हे वर्गात कुणी विचारलं नाही. २० मे २०१९ पासून ती व्याख्या गेली. आता इलेक्ट्रॉनचा प्रभारच कायमचा ठरवून टाकलाय, १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम. सेकंदाला किती इलेक्ट्रॉन जातात ते आपण ठरवायचं, गुणाकार केला की करंट हातात.

जर्मनीत पीएचडी करताना माझ्या वाट्याला हाच गुणाकार प्रत्यक्षात आणायचं काम आलं. कागदावर एका ओळीचं.

त्यासाठी लागतो एकेक इलेक्ट्रॉन पुढे ढकलणारा पंप. आमचा पंप म्हणजे गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या चिपवरची अरुंद वाट आणि तिच्यावर आडवी दोन धातूची गेट्स. गेटला व्होल्टेज दिला की खालच्या वाटेत इलेक्ट्रॉनला अडवणारी अदृश्य भिंत उभी राहते. पहिल्या गेटवर रेडिओ लहर सोडायची. भिंत खाली गेली की अलीकडून इलेक्ट्रॉन आत शिरतात, वर यायला लागली की जास्तीचे मागे निसटतात, शेवटी एक उरतो आणि तो दुसऱ्या गेटवरून पलीकडे ढकलला जातो. रहाटगाडग्यासारखंच, फक्त प्रत्येक गाडग्यात नेमका एकच थेंब हवा आणि हे सेकंदाला ५० कोटी वेळा. एवढं करूनही मिळतात ८०.१०८८ पिकोअँपिअर (एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग). मोबाइलच्या चार्जरमधून एक अँपिअर वाहतो तेव्हा सेकंदाला सुमारे ६.२४ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन जात असतात, यावरून अंदाज करा.

चिप परम शून्याच्या वर एक दशांश केल्विनवर न्यायची, वरून काही टेस्लांचं चुंबकीय क्षेत्र लावायचं. थंड व्हायला वेळ लागतो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत त्यानंतर. दुसऱ्या गेटचा व्होल्टेज हळूहळू बदलत गेलं की करंटच्या आलेखात पायऱ्या दिसतात : एक इलेक्ट्रॉन, दोन, तीन. पहिली पायरी पडद्यावर उमटली तेव्हा मला वाटलं, झालं काम. गाइड म्हणाले, "डोळ्यांना सगळ्याच पायऱ्या सपाट दिसतात." खरंच होतं ते. आलेखावर आडवी दिसणारी रेघ दहा लाखांत पाचने तिरकी असली तरी डोळ्याला कळत नाही आणि आम्हाला त्याच्याही खाली जायचं होतं.

सर्वांत जास्त वेळ मी लहरीच्या आकारावर घालवला. साधी साइन लहर दिली की भिंत फार वेगात वर येते, जास्तीच्या इलेक्ट्रॉनला मागे फिरायला सवड मिळत नाही आणि कधीतरी दोन जातात. म्हणून पकडण्याच्या क्षणी लहर संथ ठेवायची आणि बाकीचं आवर्तन झटकन उरकायचं. ही युक्ती ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या गटाने २०१२ मध्ये दाखवली होती. गेट व्होल्टेज, क्षेत्र, लहर यांपैकी एक हलवलं की बाकीची पुन्हा जुळवायची. सॅम्पल बदललं की पुन्हा सुरुवातीपासून. याला मी विज्ञानापेक्षा कारागिरीच म्हणेन.

मग पडताळणी. करंट हजारपट वाढवून मेगओहमच्या रोधातून नेला की सुमारे ८० मिलिव्होल्ट मिळतात. तो रोध क्वांटम हॉल परिणामाशी (रोधाचं क्वांटम प्रमाण) ताडलेला, व्होल्टमीटर जोसेफसन प्रमाणाशी (व्होल्टेजचं तसंच प्रमाण) आणि पंपाची फ्रिक्वेन्सी अणुघड्याळाशी. पंप चालू-बंद करत राहायचं, म्हणजे तारांमधले उष्णतेने येणारे फसवे व्होल्टेज वजाबाकीत जातात. उरतो तो गोंगाट आणि त्याचा हिशेब निर्दय आहे : दहापट अचूकता हवी तर शंभरपट वेळ. त्यामुळे मोजणी रात्रभर, बहुतेक शनिवार-रविवारी चालायची. त्या दिवसांत इमारतीत माणसं कमी, कंपनं कमी.

ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय मापनसंस्थेने २०१५ मध्ये अशाच पंपाने एक कोटीत २ एवढी अनिश्चितता गाठली होती. माझा आकडा त्याच्या आसपासही नव्हता, पण मोजलेला करंट आणि गुणाकाराचं उत्तर यांच्यातला फरक माझ्या अनिश्चिततेच्या आत बसला. पहिल्यांदा बसला तेव्हा मी आनंद करण्याआधी फ्रिक्वेन्सी बदलून पाहिली, मग चुंबकीय क्षेत्र थोडं हलवून, मग दोन इलेक्ट्रॉनच्या पायरीवर जाऊन. योगायोगाने जुळलेला आकडा अशा वेळी लगेच उघडा पडतो. हा पडला नाही.

घरोघरच्या मीटरला याचा थेट उपयोग नाही, हेही सांगायला हवं. रोजचा अँपिअर अजूनही व्होल्ट भागिले ओहम असाच तयार होतो आणि तेच सोयीचं आहे. पंपाची जागा लहान करंटच्या दुनियेत आहे, उदाहरणार्थ किरणोत्साराची मात्रा मोजणारे आयनीकरण कक्ष, जिथे पिकोअँपिअरवरच भरवसा ठेवावा लागतो. आता आमच्याकडे एकाच चिपवर अनेक पंप समांतर चालवायचं घाटतंय. सगळ्यांना एकच लहर मानवेल का, यावर सध्या जोरदार वाद आहे. माझ्या मते मानवणार नाही.